आभासाला खरीच रॅम लागते

आभासी यंत्राला खरीच रॅम लागते. व्हर्च्युअल मशीन चालवायला कोणता कॉम्प्युटर घेऊ, असं कुणी विचारलं की मी सुरुवात या वाक्यानं करतो आणि समोरचा हसतो. त्याला तो विनोद वाटतो. आभासी म्हटल्यावर सगळं कसं हवेतून आणि फुकटात यायला हवं, अशी त्याची समजूत असते. तसं होत नाही. आतल्या विंडोजला चार जीबी दिले की बाहेरच्या चिपवरचे चार जीबी गेले. आतल्या लिनक्सनं एक बेरीज केली तर ती खऱ्या प्रोसेसरच्या खऱ्या कोअरवर होते, खरी वीज खाऊन. मे महिन्यात लॅपटॉपचा पंखा जो घोंघावतो तो काही आभासी नसतो.

माझी नोकरी सर्व्हर सांभाळण्याची. घरात मात्र वेदान्त. वडील, म्हणजे अण्णा, वाईचे. उमेदीच्या वयात प्राज्ञपाठशाळेतल्या शास्त्र्यांकडे शिकलेले, पुढे शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, आणि ब्रह्मसूत्रांवरच्या शांकरभाष्याच्या प्रतीत आजही पेन्सिलीनं खुणा करत बसणारे. जग मिथ्या आहे हे मी पाढ्यांबरोबरच ऐकत आलो. त्यातलं थोडंफार मला खरोखर उमगलं ते भाचीसाठी लॅपटॉप शोधताना. हे अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कुठूनही उमगो. पण नीट उमगलंय का ते बघू."

भाची सायबर सिक्युरिटीचा कोर्स करते आहे. तिला एका लॅपटॉपच्या पोटात एक छोटं ऑफिस उभं करायचं होतं. एक विंडोज सर्व्हर, त्याला जोडलेलं एक विंडोज ११, हल्ला करायला काली लिनक्स, मध्ये पीएफसेन्सची फायरवॉल आणि मार खायला मेटास्प्लॉइटेबल, म्हणजे मुद्दाम भोकं ठेवलेलं एक जुनं लिनक्स. पाच यंत्रं, आपसांत बोलणारी, बाहेरच्या इंटरनेटला न दिसणारी. कागदावर बेरीज मांडली. विंडोज ११ ची मायक्रोसॉफ्टनं ठरवलेली किमान गरजच ४ जीबी. सर्व्हरला तेवढीच धरली, कालीला तेवढीच, फायरवॉलला १, मेटास्प्लॉइटेबलला अर्धा. शिवाय हे सगळं ज्याच्या जिवावर चालायचं त्या मूळ विंडोजला, ब्राउझर उघडा असताना, सहा-आठ तरी हवेतच. १६ जीबीची मर्यादा तिथेच ओलांडली गेली, म्हणून ३२. माझं मत विचाराल तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या, पण रॅमला हात आखडू नका. कोअर वाटून घेता येतात, कारण पाचही यंत्रं एकाच क्षणी धावत नसतात. रॅमचं तसं नाही. जी एकाला दिली ती त्याच्याकडेच राहते. (याला अपवाद आहे, आणि शेवटी सगळा वाद त्या अपवादावरच येऊन थांबला.)

डिस्कच्या बाबतीत थोडी लबाडी खपते. आतल्या विंडोजला सांगायचं, तुझी डिस्क ६४ जीबीची. प्रत्यक्षात बाहेर एक फाइल असते आणि ती जेवढं लिहिलं जाईल तेवढीच फुगत जाते. तरीही एक टीबीचा एनव्हीएमई एसएसडी घ्यावा, कारण शिकणारं पोर प्रत्येक प्रयोगाआधी स्नॅपशॉट घेतं आणि ते पुसायचं विसरतं. पुण्याच्या तपकीर गल्लीत एका दुकानदारानं एक पातळ, देखणं मॉडेल पुढे केलं. रॅम १६, बोर्डावरच सोल्डर केलेली, स्लॉटच नाही. मी ते परत ठेवायला सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, एवढी रॅम मुलीला का पुरणार नाही?" मी म्हटलं, मुलगी एक आहे, पण कॉम्प्युटर सहा आहेत. त्याला ते पटलं असं वाटलं नाही. मग दुसरं, जाडजूड, ऑफिसांत वापरतात त्या पठडीतलं काढलं. त्यात रॅमचे दोन स्लॉट होते. तिथेच टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते पाहिलं. बंद होतं. पुष्कळदा ते बायॉसमध्ये बंद ठेवूनच येतं. दुकानातच चालू करून घेतलेलं बरं.

भाचीचं मन मात्र मॅकबुकवर होतं. वर्गातल्या निम्म्यांकडे तोच, बॅटरी दिवसभर चालते आणि, तिच्या शब्दांत, "मामा, तो आवाजच करत नाही रे." यंत्र उत्तमच आहे, त्यात वाद नाही. पण २०२० च्या अखेरीपासून ॲपलनं इंटेलचे प्रोसेसर सोडून स्वतःचे आणले, आणि ते आर्म जातीचे आहेत. त्यांची यंत्रभाषा निराळी. आर्मसाठी बनवलेलं लिनक्स त्यावर आत सुरेख धावतं. पण तिला लागणारं मेटास्प्लॉइटेबल आणि सरावासाठी मिळणारी बहुतेक तयार लक्ष्यं इंटेलच्या भाषेत बांधलेली. ती मॅकवर चालवायची तर आत एक दुभाष्या बसवावा लागतो, जो प्रत्येक आज्ञा वाचून आर्मच्या भाषेत पुन्हा सांगतो. याला एम्युलेशन म्हणतात. चालतं, पण रखडत.

हे तिला समजावून देत होतो तेव्हा अण्णा पलीकडे खुर्चीत होते. त्यांनी भाष्य मिटलं आणि विचारलं, "म्हणजे दोन प्रकार झाले. एकात आतल्याचं जगणं कुणीतरी वाचून दाखवतो. दुसऱ्यात आतला स्वतःच जगतो. तो जगतो कशावर?"

"होस्टच्याच, म्हणजे बाहेरच्या खऱ्या यंत्राच्याच प्रोसेसरवर, आजोबा," भाची म्हणाली. "थेट."

हा 'थेट' फार महत्त्वाचा आहे. १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनी एका छोट्या निबंधात खऱ्या अर्थानं आभासी यंत्र कशाला म्हणावं याच्या तीन अटी घातल्या. पहिली, आत चालणाऱ्या प्रोग्रॅमला मूळ यंत्रावर चालल्यासारखंच वाटलं पाहिजे. दुसरी, यंत्राच्या साधनांवर सगळा ताबा वरच्या नियंत्रकाचा हवा. तिसरी, आतल्या आज्ञांतल्या बहुसंख्य आज्ञा नियंत्रकाला न विचारता खऱ्या प्रोसेसरवर थेट चालल्या पाहिजेत. नियंत्रकानं मध्ये पडायचं ते फक्त आतला एखाद्या साधनाला मालकी हक्कानं हात घालू पाहील तेव्हा. ही कल्पना त्याआधीची. आयबीएमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या प्रयोगशाळेत १९६७ च्या सुमारास एका मोठ्या यंत्रावर अनेकांना 'हे अख्खं यंत्र तुझंच' असं भासवण्याची व्यवस्था चालू झालेली होती. पण व्याख्या या दोघांची, आणि तिसरी अट तर मला उपनिषदांच्या शेजारी ठेवावीशी वाटते.

कारण हल्ली जग आभासी आहे का, हा प्रश्न निघाला की लोक निक बोस्ट्रमचं नाव घेतात. त्यानं २००३ साली मांडलेला युक्तिवाद असा की पुढे गेलेली एखादी संस्कृती आपल्या पूर्वजांची हुबेहूब नक्कल कॉम्प्युटरवर चालवू शकेल, आणि अशा नकला खूप असतील तर आपणही त्यातलीच एक असण्याचा संभव मोठा. तरुण मंडळी लगेच म्हणतात, हेच तर शंकराचार्यांनी सांगितलंय. मला ते पटत नाही. बोस्ट्रमचं जग एम्युलेटरमधलं आहे. तिथे मन कुठल्याही द्रव्यावर चालू शकतं असं गृहीत आहे. आतला माणूस आणि त्याला चालवणारं यंत्र यांची जात एक असायची गरज नाही. आतलं दुःख बाहेरच्या चिपमध्ये नुसता हिशेब असतो. अद्वैताचं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. जीवाचं असणं हे उसनं खरं, पण ते ब्रह्माचंच असणं आहे. मध्ये दुभाष्या नाही. ज्ञानेश्वर तर अमृतानुभवात आणखी पुढे जातात. सातवं प्रकरण त्यांनी सगळं अज्ञानाच्या खंडनाला वाहिलं आहे. अज्ञान नावाची स्वतंत्र वस्तूच नाही म्हटल्यावर हे दिसतं ते चैतन्याचाच विलास उरतं. त्यात नक्कल कुठली?

मग आभासी यंत्रात खोटं काय असतं? हे मी पुष्कळ घोळवलं. बेरीज खरी आहे, रॅम खरी आहे, डिस्कवर लिहिलेली अक्षरं खरी आहेत. खोटं एवढंच सापडतं की आतल्या प्रत्येक यंत्राला आपली रॅम शून्य क्रमांकाच्या पत्त्यापासून सुरू होते असं वाटतं. भाचीची पाच यंत्रं एकदम चालू केली की पाच शून्यं तयार होतात, आणि प्रत्यक्षात ती पाचही चिपवर कुठल्यातरी भलत्याच जागी असतात. ही भाषांतराची पायरी २००७-०८ पासून प्रोसेसरच स्वतः करतो (त्याआधी नियंत्रकाला ती हातानं सांभाळावी लागे, आणि फार धिमं व्हायचं). म्हणजे जे आहे ते सगळं खरं; फक्त 'माझ्यापासून सुरुवात होते' आणि 'हे माझं' हे दोन दावे खोटे. शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्याची सुरुवात ब्रह्मापासून करत नाहीत, अध्यासापासून करतात. माणूस 'मी' आणि 'माझं' हा व्यवहार कसा करतो, एकाचे धर्म दुसऱ्यावर कसे लादतो, तिथून ते सुरू करतात. जग दिसतं ही त्यांची तक्रार नाही. तक्रार मालकीची आहे.

अण्णांना हे बऱ्यापैकी मान्य झालं. पण त्यांचा पुढचा प्रश्न तयारच होता. "आतल्याला हे कळू शकतं का?"

भाचीला आवडणारा विषय निघाला. इंटेलच्या जुन्या प्रोसेसरमध्ये पोपेक-गोल्डबर्गच्या अटी मोडणाऱ्या सतरा आज्ञा होत्या. काही तर अशा, की आतल्या यंत्रानं हुकूम सोडावा, तो पाळला जाऊ नये, आणि पाळला गेला नाही हे आतल्यालाही कळू नये, वरच्यालाही. १९९९ साली व्हीएमवेअरनं या आज्ञा चालण्याआधीच हेरून बदलण्याची युक्ती काढली म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर हा खेळ शक्य झाला. पुढे २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी दोघांनी प्रोसेसरमध्येच सोय केली. त्या आधीच्या काळात, २००४ साली, योआना रुत्कोव्स्का या पोलिश संशोधिकेनं एक अगदी चिमुकला प्रोग्रॅम लिहिला. त्यातलं मर्म एकाच आज्ञेत होतं. प्रोसेसरला विचारायचं, तुझा व्यत्ययांचा तक्ता रॅममध्ये कुठे आहे? खऱ्या यंत्रात तो एका ठरावीक भागात सापडे. आभासी यंत्रात उत्तर भलतीकडचं येई, कारण नियंत्रकाला तो तक्ता दुसरीकडे हलवावा लागलेला असे. या प्रोग्रॅमला तिनं नाव दिलं 'रेड पिल', मॅट्रिक्स सिनेमातल्या गोळीवरून. दोनच वर्षांनी तिनं 'ब्लू पिल' आणली: चालू असलेलं अख्खं यंत्र, न थांबवता, त्याच्या नकळत आभासी करून टाकणारी.

अण्णा हे सगळं कानात प्राण आणून ऐकत होते. "मग आता ती लाल गोळी चालते?"

"आता गोळीची गरजच नाही, आजोबा. विचारलं की सांगतात."

खरं आहे ते. आजचे बहुतेक नियंत्रक लपत नाहीत. आतल्या यंत्रानं प्रोसेसरला ठरलेल्या पद्धतीनं ओळख विचारली की एक बिट उभी दिसते: तू आत आहेस. आणखी खोदून विचारलं तर नियंत्रकाची सहीसुद्धा मिळते. व्हीएमवेअरचा नियंत्रक तर बारा अक्षरांची जागा भरायची म्हणून आपलं नाव लागोपाठ दोनदा सांगतो. मुद्दा एवढाच की विचारावं लागतं. न विचारणारं यंत्र वर्षानुवर्षं चालतं आणि त्याचं काही अडत नाही.

पण विचारणाऱ्याचा फायदा होतो, आणि इथे मला सगळ्यात जास्त रस आहे. अजाण यंत्राला नियंत्रक एक खोटं नेटवर्क कार्ड दाखवतो, समजा इंटेलचं एखादं जुनं मॉडेल. आतलं यंत्र इमानदारीनं त्या नसलेल्या कार्डाच्या नसलेल्या रजिस्टरांत आकडे भरत बसतं, आणि दर वेळी नियंत्रकाला हातातलं काम टाकून धावत यावं लागतं. केंब्रिज विद्यापीठातल्या झेन या नियंत्रकानं २००३ मध्ये आणि पुढे लिनक्समधल्या व्हर्टिओनं निराळा मार्ग घेतला. आतल्याला सांगून टाकायचं, बाबा रे, कार्ड-बिर्ड काही नाही, तुला जे पाठवायचंय ते या रांगेत ठेव, मी नेतो. नाटक संपलं की काम कित्येक पटीनं वेगात होतं. यंत्र बंद पडत नाही, विरघळून जात नाही. ते त्याच नावानं, त्याच पत्त्यावर, तीच कामं करत राहतं. फक्त नसलेल्या मालकीची हमाली थांबते.

मी म्हटलं, "अण्णा, हा जीवन्मुक्त नाही का? विद्यारण्यांनी अख्खा ग्रंथ लिहिला त्याच्यावर. ज्ञान झालं म्हणून देह पडत नाही, व्यवहार चालू राहतो."

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या यंत्राला ज्ञान कसलं? त्यात साक्षी कुठे आहे?"

भाचीनंही आजोबांचीच बाजू घेतली. तिच्या मते आतलं यंत्र काही जाणत वगैरे नाही, नुसता वेगळा ड्रायव्हर वापरतं. दोघांचंही बरोबर आहे. ड्रायव्हर बदलण्याला आत्मज्ञान म्हणायचं तर प्रत्येक अपडेटला गुरुपौर्णिमा करावी लागेल. माझं म्हणणं मर्यादित आहे. मालकीचा दावा सोडल्यावर कर्म थांबत नाही, उलट सुलभ होतं, असं गीतेपासून सगळे सांगत आले. मला ते नेहमी उपदेशासारखं वाटायचं. त्याची रचना कशी असू शकते, हे मी पहिल्यांदा नेटवर्क कार्डाच्या आकड्यांत पाहिलं. जाणिवेबद्दल यंत्र काहीच सांगत नाही, आणि ज्यांना ते सांगतं असं वाटतं त्यांच्याशी वाद घालण्यात मी वेळ घालवत नाही.

काळावरच्या मालकीचंही तेच. क्लाउडवर भाड्यानं घेतलेल्या लिनक्समध्ये टॉप ही कमांड चालवली की टक्क्यांच्या ओळीत शेवटी एसटी असा एक आकडा दिसतो. आतलं यंत्र काम करायला तयार होतं, पण नियंत्रकानं तेवढ्यात प्रोसेसर दुसऱ्याला दिला, असा जो वेळ गेला तो. चोरीला गेलेला वेळ. आतल्याला मधली पोकळी जाणवत नाही. त्याचा एक क्षण दुसऱ्या क्षणाला चिकटूनच येतो. नंतर हिशेबात दिसतं, एवढं गेलं. योगवासिष्ठात राणी लीलेला सरस्वती दाखवते की तुझ्या नवऱ्याचं सगळं राज्य एका ब्राह्मणाच्या झोपडीतल्या खोलीभर आकाशात मावलेलं आहे, आणि तो ब्राह्मण मरून आठच दिवस झालेत. लीला चक्रावते, कारण इकडे राजाचं सबंध आयुष्य होऊन गेलेलं असतं. मी ही कथा वाचली तेव्हा मला ती अद्भुत वाटली होती. आता थांबवून ठेवलेलं यंत्र पुन्हा चालू करताना त्याचं घड्याळ जुळवून द्यावं लागतं, तेव्हा ती मला जवळजवळ रोजच्या कामातली वाटते.

अण्णांनी खरा घाव घातला तो पुढच्या रविवारी. ते म्हणाले, "गौडपादांनी घटाकाशाचा दृष्टान्त दिला. घट फुटला की आतलं आकाश कुठे जात नाही, कारण ते वेगळं झालेलंच नव्हतं. आकाश काही करत नाही, म्हणून तो दृष्टान्त ब्रह्माला लागतो. तुझा होस्ट सतत धावपळ करतोय. याला वेळ दे, त्याची रॅम काढ, त्याचं भांडण मिटव. हे ब्रह्म नव्हे रे. फार तर ईश्वर. नियंता."

मला हे मान्य करावं लागलं. हायपरव्हायझर, म्हणजे हा नियंत्रक, ईश्वर आहे: नियम लावतो, वाटप करतो, कुणाचा पक्ष घेत नाही. ब्रह्माची जागा या सगळ्या मांडणीत कुठेच नाही. वीज म्हणावी तर ती महावितरणची, बिल येतं. सिलिकॉन म्हणावं तर तेही आणखी एक द्रव्य. शिवाय होस्टचंही काही खरं नसतं. आजकालच्या प्रोसेसरवर यंत्राच्या आत यंत्र आणि त्याच्याही आत यंत्र चालवता येतं. जो स्वतःला होस्ट समजतो तो कुणाचातरी गेस्ट असू शकतो. कितीही वर गेलं तरी वरच्या मजल्यावर यंत्रच भेटतं.

तेवढ्यात आई आतून आली. आई पंढरपूरकडची, माहेर माध्वांचं. एकादशीला पाणीसुद्धा न घेणारी. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी अण्णांचं अद्वैत तिनं कधी मनावर घेतलेलं नाही. ती म्हणाली, "अहो, मग हे आमच्याकडचंच झालं की. तो स्वतंत्र, हे परतंत्र. दोन्ही खरी. आणि परतंत्र कधी स्वतंत्र होत नाही."

अण्णा गप्प झाले. मीही. कारण मध्वाचार्यांनी तत्त्वांची मोजणी मांडताना पहिली फोड नेमकी हीच केली आहे: स्वतंत्र एक विष्णू, बाकी सगळं परतंत्र, आणि परतंत्र म्हणून खोटं नव्हे. आभासी यंत्राला पाहून जगभर लोक मायावाद आठवतात. खरं पाहता ते भेदवाद्यांच्या बाजूचा पुरावा आहे. रॅम खरी, बेरीज खरी, एक यंत्र दुसऱ्यापासून खरोखर वेगळं आणि सगळी सर्वस्वी पराधीन. माझा लॅपटॉप मध्वांच्या उडुपीच्या बाजूनं साक्ष द्यायला उभा राहिला होता, आणि तोही अण्णांच्या घरात.

अण्णांना वाचवायला मी तो अपवाद काढला. रॅम वाटून घेता येत नाही असं मी म्हटलं होतं. पण २००९ पासून लिनक्सच्या गाभ्यात एक सोय आहे. रॅम चार-चार केबीच्या पानांत विभागलेली असते. गाभा सगळ्या आतल्या यंत्रांची पानं तपासत हिंडतो. दोन यंत्रांकडे अक्षरशः तेच पान सापडलं, आणि एकाच जातीची दोन लिनक्स चालू असतील तर अशी खूप सापडतात, तर तो एकच प्रत ठेवतो आणि दोघांनाही तिच्याकडे वळवतो. दोघंही तेच पान वाचतात. दोघांनाही ते आपलं वाटतं. वाचेपर्यंत काही अडत नाही. ज्या क्षणी त्यातलं एक यंत्र त्या पानावर एक अक्षर लिहू पाहतं, त्या क्षणी व्यत्यय येतो, पानाची नक्कल होते, आणि तिथून दोघांची वाट वेगळी.

"म्हणजे द्रष्टा आहे तोवर एकच," अण्णा एकदम सरसावून बसले. "कर्ता झाला की दोन!"

इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. भेद पाहण्यानं होत नाही, करण्यानं होतो. कर्तृत्व आलं की मग 'माझी प्रत' आली. पुढे कितीतरी वेळ ते आईला हेच सांगत होते. आई वाती वळत ऐकून घेत होती.

भाची मात्र मान हलवत होती. "मामा, ते बंद करतात रे."

तिचं बरोबर होतं. एका पानाची वाटणी दोघांत असेल तर लिहायला किंचित जास्त वेळ लागतो, कारण आधी नक्कल करावी लागते. तो वेळ मोजून आतलं एक यंत्र ओळखू शकतं की शेजारच्याकडे अमुक पान आहे की नाही. क्लाउडवर शेजारी म्हणजे कुणीही अनोळखी. व्हीएमवेअरनं २०१४ साली जाहीर केलं की वेगवेगळ्या यंत्रांत अशी पानं वाटून घेण्याची सोय यापुढे मुळातच बंद ठेवू. ज्याला हवी त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर चालू करावी. दुसऱ्या टोकाला २०१५ मध्ये व्हेनम नावाची फट सापडली. आतल्या यंत्राला दाखवायच्या खोट्या फ्लॉपी ड्राइव्हच्या कोडमध्ये, जी फ्लॉपी कुणी वापरतही नव्हतं, ही फट २००४ पासून होती, आणि तिच्यातून आतला थेट बाहेर होस्टपर्यंत पोचू शकत होता.

"मोक्ष? फ्लॉपीतून?" अण्णांनी विचारलं.

मी म्हटलं, मोक्ष नव्हे. बाहेर पडलेल्याला आणखी मोठी रॅम 'माझी' म्हणायला मिळते एवढंच. व्हर्टिओवाल्यानं दावा सोडला, यानं तो वाढवला. सायबर सिक्युरिटीत याला हल्लाच म्हणतात, आणि ते योग्यच आहे.

३२ जीबीचा तो जाडजूड लॅपटॉप घेतला. भाचीची पाच यंत्रं त्यात उभी राहिली आणि पंखा अपेक्षेप्रमाणे आवाज करतो. तिचं पहिलंच प्रॅक्टिकल, एकाच होस्टवरची यंत्रं एकमेकांपासून पक्की तोडायची, पानांची वाटणी बंद आहे ना ते तपासायचं आणि तसा अहवाल द्यायचा. आईनं ते ऐकलं आणि अण्णांकडे वळून म्हणाली, "बघा. पोरीला पगार मिळेल तो भेद सांभाळण्याचाच." अण्णा म्हणाले, "मिळू दे की, व्यवहार आहे तो." आणि भाचीला हाक मारून विचारू लागले, की पानांची ती वाटणी बंद करायच्या आधी एकदा चालू करून दाखवता येईल का.